तरी मी म्हणत होते

माझ्या धाकट्या भावाने चांगली चाललेली नोकरी सोडून एका नव्या कंपनीत उडी घेतली आणि १४ महिन्यांत ती कंपनी बंद पडली. त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला, बूटही न काढता खुर्चीत बसला, आणि मी तोंड उघडलं ते हे बोलायला: "तरी मी म्हणत होते."

भांडला असता तर बरं झालं असतं. तो काहीच बोलला नाही. रात्री त्याने मला माझाच एक जुना मेल परत पाठवला, वर एक अक्षरही न लिहिता. त्या मेलमध्ये मी त्याला लिहिलं होतं, "डोळे झाकून जा."

मनात आलेला पहिला विचार असा की हा मेल मी लिहिलेलाच नाही. कारण मला सगळं लख्ख आठवत होतं. तो सल्ला विचारायला आला होता, मी खिडकीपाशी उभी होते, आणि "नवी कंपनी आहे, जरा थांब, घाई करू नकोस" असं मी त्याला म्हटलं होतं. खिडकी आठवत होती, अर्धवट ओढलेला पडदा आठवत होता. ते सगळं खोटं होतं. मी ते मुद्दाम रचलं नव्हतं. कंपनी बंद पडल्याचं कळल्यावर केव्हातरी ते माझ्या डोक्यात आपोआप तयार झालं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

ही ११ वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी एक वही घातली. आज त्या वहीबद्दल लिहायचं आहे.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे प्रूफं तपासते. २६ वर्षं झाली या कामात. आमच्या टेबलावर दोन गठ्ठे असतात, एक मूळ प्रत आणि एक प्रूफ. लेखकाने काय लिहिलं होतं आणि छापायला काय निघालं आहे, हे ओळीला ओळ लावून बघायचं. शंका आली की मूळ प्रतीकडे जायचं, तिच्याशी वाद नाही. आठवणीच्या बाबतीत गोची अशी की तिथे मूळ प्रत उरतच नाही. निकाल लागला की मन गुपचूप ती प्रत काढून घेतं, निकालाला साजेशी नवी लिहितं, तिच्यावर जुनी तारीख घालतं आणि जागच्या जागी ठेवून देतं. मग तुम्ही कितीही डोळ्यांत तेल घालून ताडून बघा, प्रूफ आणि प्रत तंतोतंत जुळणारच.

याला मराठीत पश्चातबुद्धी म्हणतात, पण त्या शब्दात थोडी पश्चात्तापाची छटा आहे. मी म्हणतेय त्यात पश्चात्ताप औषधालाही नसतो. उलट आपण किती दूरदृष्टीचे, असं वाटून छाती फुगते. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली हे प्रयोगाने दाखवलं. त्याने लोकांना १८१४ सालच्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकिगत वाचायला दिली. ज्यांना हे प्रयोगात वापरायचं सुचलं त्यांचं मला कौतुक वाटतं; वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या युद्धाचा निकाल ठाऊक असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. एका गटाला सांगितलं इंग्रज जिंकले, दुसऱ्याला सांगितलं गुरखे जिंकले, आणखी दोन गटांना सांगितलं की कोंडी झाली, एकात तह होऊन आणि एकात तहाशिवाय. मग विचारलं, हा निकाल माहीत नसता तर तुम्ही कोणत्या शक्यतेला किती वजन दिलं असतं? प्रत्येक गटाला त्याला सांगितलेला निकालच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. हकिगत एकच, कारणं मात्र ज्याने त्याने त्यातूनच वेगवेगळी वेचून काढली.

त्याच वर्षी फिशहॉफने रूथ बेथबरोबर केलेलं दुसरं काम मला जास्त लागतं, कारण ते अगदी माझ्या मेलसारखं आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यांवर निघाले, तेव्हा या दोघांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले होते. निक्सन माओला भेटतील का, वगैरे. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय आकडे लिहिले होते ते आठवून सांगा. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण मुळात दिले होते त्यापेक्षा मोठे आकडे दिल्याचं त्यांना आठवलं. इथे संशोधकांकडे मूळ प्रत होती. विद्यार्थ्यांकडे नव्हती.

तर वही. तिच्यात पाच रकाने आहेत. तारीख, काय होईल असं वाटतं, शंभरपैकी किती खात्री, का वाटतं, आणि शेवटचा रिकामा, काय झालं. बस. यात गुंतवणुकी-बिंतवणुकी काही नाही. "हा लेखक दुसऱ्या प्रुफातही नवे परिच्छेद घुसवणार, ८०." "डॉक्टर मला चष्मा बदलायला सांगणार, ९०." "मैत्रीण हा अभ्यासक्रम अर्ध्यात सोडणार, ७५." (सोडला नाही. आता ती तो शिकवते.) शाईने लिहायचं, पेन्सिल वापरायची नाही. हा नियम मी पहिल्याच महिन्यात केला, कारण एकदा मी खोडरबर हातात घेतलेलं स्वतःला पकडलं.

चौथा रकाना, का वाटतं, हा मी नंतर वाढवला. चार्ल्स डार्विनने आपल्या आत्मचरित्रात एक सवय सांगितली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट दिसली किंवा सुचली की तो ती तिथल्या तिथे टिपून ठेवायचा, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरल्या जातात हे त्याने अनुभवाने ओळखलं होतं. म्हणून मी कारणाखाली एक ओळ उलट बाजूची लिहिते. सुरुवातीला ती ओळ नुसती उपचार म्हणून असायची, "अर्थात तसं होणारही नाही" छापाची. आता ती लिहिताना कधी कधी वरचा आकडा बदलावा लागतो. शाईने लिहिलेला असल्यामुळे तो खोडलेला दिसतो, आणि ते बरंच आहे.

वहीने सगळ्यात आधी माझी कामाच्या दिवसांबाबतची फुशारकी उतरवली. ३२० पानांचं पुस्तक, अंदाज १२ दिवस, लागले २१. १८० पानं, अंदाज ६, लागले ११. कोश होता एक, अंदाज ४० दिवस, आणि किती लागले ते इथे सांगत नाही. प्रत्येक वेळी उशीर होण्याला सबळ कारण होतं. एकदा ताप, एकदा लेखकाने प्रकरणांचा क्रमच बदलला, एकदा संगणक बसला. प्रत्येक कारण खरं आणि प्रत्येक वेळी वेगळं, त्यामुळे पुढच्या अंदाजात त्यातलं एकही मी धरलं नाही. ताप काही दर वेळी येत नाही ना! बरोबर आहे, ताप दर वेळी येत नाही. पण काहीतरी दर वेळी येतं.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांची या बाबतीतली हकिगत मला फार आवडते, कारण तीत शहाणी माणसं शहाणपणाच्याच विषयात तोंडावर पडतात. सत्तरच्या दशकात इस्रायलमध्ये ते शाळांसाठी एक अभ्यासक्रम तयार करणाऱ्या गटात होते. विषय होता माणसं निर्णय कसे घेतात. काम वर्षभर चाललं होतं. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, अजून किती वेळ लागेल? उत्तरं दीड ते अडीच वर्षांच्या मधली. मग त्यांनी गटातल्या शिक्षणतज्ज्ञाला, सेमूर फॉक्सना, विचारलं की असं काम हाती घेतलेल्या इतर गटांना किती वेळ लागला होता. फॉक्स जरा घुटमळले आणि म्हणाले, सुमारे ४० टक्के गटांचं काम पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना ७ ते १० वर्षं लागली. आपला गट त्यांच्यापेक्षा बरा आहे का? किंचित कमीच, फॉक्स म्हणाले.

यातली मेख अशी की त्याच फॉक्सनी पाच मिनिटांपूर्वी इतरांसारखाच दीड-अडीच वर्षांचा आकडा चिठ्ठीवर लिहिला होता. माहिती त्यांच्या डोक्यात होती, पण चिठ्ठीपर्यंत पोचलीच नव्हती. कोणी विचारल्याशिवाय ती हलली नाही. आणि एवढं कळल्यावर गटाने काय केलं? काम तसंच पुढे चालू ठेवलं. ते संपायला आठ वर्षं लागली, तोवर कानेमन देश सोडून गेले होते.

मी आता अंदाज द्यायच्या आधी वहीतली मागची दहा कामं उघडते आणि पानांमागे किती दिवस लागले त्याची सरासरी काढते. त्या वेळी प्रत्येक वेळी, अगदी न चुकता, मनात येतं की हे काम मात्र तसं नाही, हा लेखक नेटका आहे. तो आवाज बंद झालेला नाही. मी फक्त सरासरी लिहून मोकळी होते.

दुसरी गोष्ट वहीत उशिरा दिसली, तिसऱ्या वर्षी. प्रकाशक फोनवर म्हणाला, "आठ दिवसांत होईल ना?" की माझा अंदाज नऊ-दहाच्या आसपास यायचा. दुसरा कोणी म्हणाला, "सावकाश, महिनाभर घ्या," की पंचवीस. पानं साधारण तेवढीच! मला वाटायचं मी मजकूर बघून अंदाज करते. मी समोरच्याचा आकडा घेऊन त्यात थोडं इकडेतिकडे करत होते. याला मानसशास्त्रात अँकरिंग म्हणतात, नांगर टाकणं. होडी हलते, पण दोराच्या लांबीएवढीच.

कानेमन आणि त्यांचे सहकारी अमोस ट्वर्स्की यांनी १९७४ साली छापलेल्या लेखात याचा जो प्रयोग आहे तो वाचून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. लोकांसमोर एक आकड्यांचं चक्र फिरवायचं. लोकांना वाटायचं कुठेही थांबेल, पण ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांच्यासमोर १० आला त्यांच्या उत्तरांचा मध्य २५, ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा संबंध नाही हे न कळणारा त्यात कोणीही नसणार. कळून उपयोग झाला नाही. प्रकाशकाच्या "आठ दिवसां"ना तर निदान थोडा तरी अर्थ असतो, मग मी कोण लागून गेले! आता मी फाईल हातात आल्यावर माझा आकडा आधी कागदावर लिहिते, मगच फोन करते. बोलताना तो कागद समोर ठेवावा लागतो. नुसता लिहून पुरत नाही.

तिसरी गोष्ट लिहायला मला जरा लाज वाटते. आमच्याकडे एक अक्षरजुळणी करणारा मुलगा होता. हुशार, पण हात कधी चालायचा, कधी भरकटायचा. एका प्रकरणात ४१ चुका निघाल्या तेव्हा मी त्याला चांगलंच झापलं. पुढच्या प्रकरणात १५. एकदा फक्त ६ निघाल्या, मी तोंडभरून कौतुक केलं, पुढच्यात २३. दोन-चारदा असं झाल्यावर मी ठरवून टाकलं की या मुलाला कौतुक मानवत नाही. त्यानंतर मी त्याच्याशी दोन वर्षं बऱ्यापैकी कडक वागले.

चुकांचे आकडे मी वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवत होते. एकदा ते सलग वाचले. ज्या वाईट प्रकरणानंतर मी आजारी होते आणि त्याला भेटलेच नव्हते, त्याच्या पुढचं प्रकरणही सुधारलेलंच होतं. ज्या चांगल्या प्रकरणाबद्दल मी काहीच बोलले नव्हते, त्याच्या पुढचंही घसरलेलं. त्याची सरासरी वीसच्या आसपास होती आणि तो तिच्याभोवती वर-खाली होत होता, एवढंच. फार वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा त्याहून बरा जातो, फार चांगल्यानंतरचा बहुधा त्याहून साधा. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८८६ साली आईबाप आणि मुलांच्या उंचीच्या बाबतीत मांडलं: फार उंच आईबापांची मुलं सरासरीने उंच खरी, पण आईबापांइतकी नाहीत. कानेमन यांना हेच विमान चालवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकांच्या बोलण्यात सापडलं होतं; त्यांचंही म्हणणं होतं की शाबासकी दिली की पोरं बिघडतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला ही म्हण मला लहानपणापासून पाठ आहे. पण कावळा मी स्वतः असेन तर फांदी माझ्याच वजनाने मोडली असं मला वाटणारच. तो मुलगा पुढे काम सोडून गेला. त्याला मी हे सांगितलेलं नाही.

आता जरा या मनाच्या आडवाटांची बाजूही घ्यायला हवी, कारण हल्ली त्यांना नावं ठेवायची फॅशन आहे. कोणी काही बोललं की त्यावर पूर्वग्रहाचं इंग्रजी नाव चिकटवायचं, की झाला वाद संपला. माझ्या पोटापाण्याचा धंदा मुळात वाचणाऱ्याच्या आडवाटेवर चालतो. डोळा अक्षर न् अक्षर वाचत नाही. थोडं बघतो, बाकीचं मन भरतं. म्हणूनच आपण पानामागून पान वाचू शकतो. आणि म्हणूनच एका पुस्तकात 'अनुक्रमणिका' हा शब्द सगळ्यात मोठ्या टाईपात, पानाच्या मधोमध, 'अनुक्रणिका' असा छापला गेला. तीन जणांनी ते प्रूफ वाचलं होतं. तिघांच्याही मनाने तो 'म' स्वतःच्या खिशातून घातला. त्यातली एक मी. बारीक टाईपातली चूक सापडते, शीर्षकातली सुटते, हे या धंद्यात कोणीही सांगेल. तिथे आपल्याला काय लिहिलेलं असणार ते आधीच पक्कं माहीत असतं.

मन भरायचं थांबवलं तर वाचनच थांबेल. हर्बर्ट सायमन यांचं म्हणणं साधारण याच वळणाचं होतं: माणसाचा वेळ तुटपुंजा, माहिती अर्धी, डोक्याची ताकद मर्यादित; तेव्हा तो सर्वांत उत्तम पर्याय शोधत बसत नाही, भागण्याजोगा सापडला की थांबतो. अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना १९७८ साली मिळालं. गेर्ड गिगेरेंझर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ तर याच्याही पुढे जातात. उंच उडालेला झेल घेणारा खेळाडू चेंडूचा मार्ग गणित करून काढत नाही. तो चेंडूवर नजर खिळवतो आणि नजरेचा कोन बदलणार नाही अशा वेगाने पळतो. वारा, वेग, फिरकी, कशाचाच हिशोब न करता तो चेंडूखाली पोचतो. ही आडवाटच आहे, आणि ती सरळ रस्त्यापेक्षा चांगली आहे. पण त्याच गिगेरेंझर यांनी उलटं उदाहरणही दिलं आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत बरेच लोक भीतीने विमान टाळून मोटारीने जाऊ लागले, आणि पुढच्या १२ महिन्यांत त्यामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसं जास्त मेली असा त्यांचा हिशोब आहे. कोसळणारे मनोरे सगळ्यांना आठवत होते. रस्त्यावरचे अपघात एकेकटे होतात, ते डोळ्यांसमोर येत नाहीत.

आठवायला सोपं ते जास्त घडणारं, ही चूक शब्दांतही होते आणि मला ती तिथे बघायला मजा येते. क ने सुरू होणारे शब्द सांगा म्हटलं की भराभर येतात. तिसरं अक्षर क असलेले? बालक, मालक, सडक... आणि मग मन अडखळतं. कानेमन-ट्वर्स्कींनी इंग्रजीतल्या के अक्षराबद्दल हाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांना वाटलं के ने सुरू होणारे शब्द जास्त. प्रत्यक्षात तिसऱ्या जागी के असलेले जास्त आहेत. आपलं मन शब्दकोशासारखं पहिल्या अक्षराने लावलेलं आहे, आणि कपाट ज्या क्रमाने लावलंय त्यालाच आपण जगाचा क्रम समजतो.

हे सगळं वाचत असताना मी आणखी एका खड्ड्यात पडले. एक प्रयोग मला फार भावला होता. १९९६ साली छापला गेलेला. विद्यार्थ्यांना म्हातारपणाशी निगडित शब्द असलेली वाक्यं जुळवायला दिली, तर नंतर बाहेर पडताना ते हळू चालले, असा. शब्दांनी पाय जड होतात! शब्दांवर जगणाऱ्या बाईला यापेक्षा गोड काय असणार? मी तो निदान वीस जणांना रंगवून सांगितला. २०१२ साली दुसऱ्या संशोधकांनी तो काटेकोरपणे पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही. अशा धाटणीच्या इतरही बऱ्याच प्रयोगांची तीच गत झाली. कानेमन यांनी स्वतःच्या लेखनात या प्रकारच्या कामावर भिस्त ठेवली होती, आणि २०१७ साली त्यांनी उघडपणे मान्य केलं की फार थोड्या माणसांवर केलेल्या प्रयोगांवर आपण नको इतका विश्वास टाकला. गंमत म्हणजे छोट्या नमुन्यांवर माणसं कशी भाळतात यावर त्यांनी आणि ट्वर्स्कींनी १९७१ सालीच लेख लिहिलेला होता. हेही त्यांनी सांगितलं.

मी त्या वीस जणांपैकी किती जणांना फोन करून दुरुस्ती सांगितली? दोघांना. त्यातली एक म्हणाली, "असेल, पण मूळ गोष्ट छान होती."

हे सगळं कळलेली बाई आता कमी चुकते का, असं मला विचारतात. वहीत बघून सांगते. पहिल्या दोन वर्षांत जिथे मी '९०' लिहिलं होतं अशा ४० नोंदींपैकी २७ खऱ्या निघाल्या. नव्वदला छत्तीस व्हायला हव्या होत्या. हल्ली मी नव्वद क्वचित लिहिते, सत्तर पुष्कळदा लिहिते, आणि सत्तरवाल्या साधारण सत्तरच्या आसपास खऱ्या निघतात. हवामानाचा अंदाज सांगणारी माणसं यात फार तरबेज असतात म्हणे, आणि कारण उघड आहे: ती रोज आकडा सांगतात आणि दुसऱ्या दिवशी आभाळ त्यांना उत्तर देतं. माझ्या नोंदींना उत्तर यायला कधी सहा महिने लागतात, कधी दोन वर्षं. तरी फरक पडला, तो माझ्या आकड्यांत. माझ्या मनात नाही पडला. एखादी गोष्ट अमुक होणार असं वाटतं तेव्हा ते आजही नव्वदच्या जोरानेच वाटतं. सत्तर मी हाताने लिहिते.

म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमाच्या त्या दोन रेघा सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, एकीच्या टोकांचे बाणासारखे फाटे बाहेर वळलेले, दुसरीचे आत. १८८९ सालच्या. पट्टी लावून मोजल्या तर सारख्या. मोजून झाल्यावर पट्टी काढा, पुन्हा एक लांब दिसते. मी त्या शंभरदा मोजल्या असतील.

दुसऱ्यांच्या रेघा मात्र मला बरोब्बर दिसतात, हे आणखी एक. एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी २००२ साली दाखवलं की लोक मनाच्या या खोडींची यादी वाचतात, मान डोलावतात, आणि मग सांगतात की सर्वसाधारण माणसापेक्षा त्या आपल्यात कमी आहेत. आपला तो बाब्या! मला वाचता वाचताच पटलं, आणि लगेच तीन माणसं आठवली ज्यांनी हे वाचायला हवं. स्वतःचं प्रूफ स्वतः तपासू नये हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. ज्याने लिहिलं त्याला काय लिहायचं होतं ते माहीत असतं, आणि तो तेच वाचतो.

म्हणून हा लेख टाकायच्या आधी मी भावाला वाचायला दिला. आणि सोबत, सवयीने, म्हटलं की तो जुना मेल असेल तर पाठव, म्हणजे मूळ प्रतीशी ताडून घेते.

त्याने पाठवला. त्यात "डोळे झाकून जा" असं कुठेही नाही. त्यात असं आहे: "मला यातलं फारसं कळत नाही. पण तुला जावंसं वाटतंय हे दिसतंय, तर जा. मी असते तर बहुतेक गेले असते." एवढंच. "जरा थांब" हेही नाही, ते मात्र आधी सांगितलं तसंच खोटं निघालं. पण "डोळे झाकून" हे मी ११ वर्षं सांगत आलेय. सांगता सांगता ते धारदार होत गेलं असणार, चूक मोठी असली की गोष्ट चांगली होते ना. मी भावाला विचारलं, तू कधी बोलला कसा नाहीस? तो म्हणाला, "मला वाटलं तू तसंच लिहिलं होतंस. मीपण लोकांना तसंच सांगतो."

वहीचं पहिलं पान काढून पाहिलं. तिथे सुरुवातीलाच, शाईने, अवतरणचिन्हांत, "डोळे झाकून जा" असं लिहून ठेवलंय. म्हणजे मेल वाचून जेमतेम एक रात्र झाली होती आणि तेवढ्यातच ते बदललं होतं.

प्रुफात चूक खोडताना खालचं अक्षर वाचता यावं अशी एकच रेघ मारायची असते. तशी मारली, समासात मेलमधलं खरं वाक्य लिहिलं आणि आजची तारीख टाकली. या लेखाचा दुसरा परिच्छेद मात्र होता तसाच ठेवलाय.